‘जे’ पक्ष्यांची जोडी एकच, तिकिटं दोन

‘ऑड्युबॉनचं कोलंबिया जे तिकीट आहे’ असं कुणी सांगितलं, की मी आधी विचारतो, पाच सेंटचं की वीसचं? पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्या ऑड्युबॉनचं ‘कोलंबिया जे’ नावाच्या पक्ष्यांचं हे एकच चित्र अमेरिकेच्या टपाल खात्याने दोनदा छापलंय. लांबलचक शेपटीची, निळ्या पाठीची, तुरेवाली तीच जोडी. अल्बममध्ये घाईघाईने लावताना गल्लत होतेच, माझीही झालीय.

पहिलं तिकीट 7 डिसेंबर 1963 चं, 5 सेंटचं. साध्या पत्राचा दर त्याच वर्षी 5 सेंट झाला होता, म्हणजे हे रोजच्या पत्रांवर लागणारं तिकीट. ते निघालं केंटकीतल्या हेंडरसन गावी. ऑड्युबॉनने तिथे दुकान आणि गिरणी चालवली आणि 1819 मध्ये दिवाळं काढलं. (पक्ष्यांमागे रानोमाळ हिंडणाऱ्याचं दुकान दुसरं काय होणार!) दुसरं 20 सेंटचं, हवाई टपालाचं. ते न्यूयॉर्कमध्ये 26 एप्रिल 1967 ला निघालं. ऑड्युबॉनचा जन्म 26 एप्रिल 1785 चा, तेव्हा तारीख मुद्दाम साधलेली दिसते. तिकीट-संग्राहकांच्या स्कॉट कॅटलॉगमध्ये पहिल्याचा क्रमांक 1241, दुसऱ्याचा सी71.

वापरलेल्या तिकिटावर शिक्क्याची शाई नेमकी आकड्यावर बसली असेल तर हवाई टपालाची अक्षरं शोधायची. तीही झाकली असतील, तर शिक्क्यातलं साल वाचायचं. 1964, 65 किंवा 66 असेल, तर ते वीसचं असूच शकत नाही.

पक्ष्याच्या नावाचा घोळ मात्र दोन्हींकडे सारखाच. ‘बर्ड्स ऑफ अमेरिका’ या ऑड्युबॉनच्या 435 चित्रांच्या ग्रंथातलं हे 96 वं चित्र. पक्षी जिवंत आकारात काढायचे या हट्टापायी त्याने जवळजवळ मीटरभर उंचीचे कागद वापरले, आणि तीच शेपटी इथे बोटाच्या पेराएवढ्या जागेत मावलीय. समोरचा नमुना कोलंबिया नदीकडचा, असं धरून त्याने चित्राला तसं नाव दिलं. प्रत्यक्षात हा काळ्या गळ्याचा मॅगपाय-जे, राहणारा वायव्य मेक्सिकोचा. कोलंबिया नदीवर तो सापडत नाही.

आणि कुणी ‘ऑड्युबॉनचं’ म्हणून 1940 चं 1 सेंटचं हिरवं तिकीट पुढे केलं, तर त्यावर त्याचा पक्षी शोधू नका. तिथे तो स्वतःच आहे.