फूट की क्युसेक? कृष्णाकाठच्या पूरसूचनेची पार्श्वभूमी

कृष्णा-पंचगंगेच्या संगमावरच्या नृसिंहवाडीत पाणी दत्ताच्या देवळात शिरून दक्षिणद्वारातून बाहेर पडलं, की वरच्या अंगाला पाऊस जोरात आहे हे शिरोळ तालुक्याला आपोआप कळायचं. सांगलीत 1929 साली कृष्णेवर आयर्विन पूल झाला आणि लोक पुराचा अंदाज पुलावरून बांधू लागले. इशारा पातळी 40 फूट आणि धोका पातळी 45 फूट, ही तिथलीच.

घोळ सुरू झाला तो धरणं झाल्यावर. बातमीत दोन आकडे येऊ लागले: पुलाजवळची पातळी फुटांत, कोयना धरणाचा विसर्ग, म्हणजे सोडलेलं पाणी, क्युसेकमध्ये. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. हा आकडा धरणाच्या दाराशी खरा, आपल्या दाराशी नाही. धरणाखालच्या मुक्त, म्हणजे कुठल्याच धरणानं न अडवलेल्या पाणलोटात कोसळलेला पाऊस त्यात धरलेला नसतो. पात्र आधीच किती भरलंय, खाली पंचगंगेमुळे पाणी किती तुंबलंय, तेही नसतं. म्हणून "कोयनेतून पन्नास हजार सोडलं" असं ऐकून एक घर सामान हलवतं आणि शेजारचं घर "एवढं तर दरवर्षी सोडतात" म्हणून झोपी जातं.

2019 च्या पुरात हे फार महागात पडलं. 2005 च्या पुराची रेघ कित्येक भिंतींवर अजून दिसत होती. लोकांनी धान्याची पोती त्या रेघेच्या वीतभर वर रचली आणि माळ्यावर बसून राहिले. 2005 ला आयर्विनजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं. या वेळी त्यानं 57 ओलांडले. ब्रह्मनाळ गावातून पूरग्रस्तांना बाहेर काढणारी बोट त्याच आठवड्यात उलटली.

नंतर वाद पेटला तो कर्नाटकातल्या, कृष्णेवरच्याच अलमट्टी धरणाच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे मागे तुंबत येणाऱ्या पाण्यावर. धरणाची उंची 519 वरून 524 मीटरवर नेण्याचा प्रश्न गंभीर आहेच. पण त्या गदारोळात "आम्हाला नेमकं काय सांगितलं होतं?" हा पूरग्रस्तांचा प्रश्न कुणी धड ऐकलाच नाही.

कामाची गोष्ट घडली ती याद्यांमुळे: पुलाजवळ अमुक फूट झालं की पाणी कोणत्या गल्लीत येणार, ते गल्लीच्या नावानिशी. 2021 ला पाणी पुन्हा 55 फुटांच्या आसपास गेलं, तेव्हा शहरात त्या मोबाइलवर फिरत होत्या.

मळ्यांत मात्र अजून कुणीतरी मध्यरात्री बॅटरी घेऊन जातं, बांधाशी रोवलेली काठी किती बुडाली ते बघून येतं, आणि मग जनावरांचं दावं सोडायचं की नाही ते ठरतं.