किडनी तुंबते, पण कोणत्या वयात?

लघवीच्या वाटेत अडथळा आला की मागे दाब वाढतो आणि किडनी फुगते. अडथळा वेळेत काढला तर ती सावरते. प्रौढ जनावरांवरचे प्रयोग हेच सांगत होते. १९७० च्या दशकात व्हॉन आणि गिलेनवॉटर या संशोधकांनी कुत्र्यांची मूत्रवाहिनी (किडनीतून मूत्राशयात लघवी नेणारी नळी) बांधून पाहिली. आठवड्याने सोडल्यावर किडनी जवळपास पूर्ववत झाली, सहा आठवड्यांनी सोडल्यावर मात्र काहीच हाती लागले नाही.

लहान मुलांना हा हिशेब लागू पडत नव्हता. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ मध्ये मुलग्यांच्या मूत्रमार्गातल्या जन्मजात पडद्यांचे तीन प्रकार मांडले. पडदा कापता येऊ लागला, लघवी मोकळी झाली, तरी त्यांतल्या कितीतरी मुलांच्या किडन्या पुढे निकामी होतच राहिल्या.

याचा उलगडा मेंढीच्या गर्भातून झाला. बेक यांनी १९७१ मध्ये गर्भातल्या कोकराची मूत्रवाहिनी बांधली. गर्भारपणाच्या उत्तरार्धात बांधली तर किडनी नुसती फुगली. लवकर बांधली तेव्हा मात्र तिची घडणच बिघडली. माणसात नेफ्रॉन (रक्त गाळून लघवी बनवणारे किडनीतले सूक्ष्म घटक) तयार होण्याचे काम गर्भाच्या साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत संपते आणि नंतर एकही नवा बनत नाही. म्हणजे प्रौढात अडथळा तयार इमारतीला धक्का देतो, गर्भात तो बांधकामच थांबवतो.

उंदराचे पिल्लू अर्धवट किडनी घेऊन जन्मते, जन्मानंतरही आठवडाभर तिच्यात नेफ्रॉन बनत असतात. व्हर्जिनियातल्या रॉबर्ट शेव्हालिए यांनी याचाच उपयोग केला (गर्भाशय उघडण्याची गरजच उरली नाही!). नवजात पिल्लाच्या मूत्रवाहिनीतला अडथळा काही दिवसांतच काढला, तरी ती किडनी कायमची खुजी राहिली. प्रौढ उंदरात मुख्यतः पेशींमधली जागा तंतुमय होते. पिल्लात त्याच्या जोडीला पेशींची वाढ मंदावते आणि नलिकांतल्या पेशी मोठ्या संख्येने मरतात.

म्हातारपणी प्रोस्टेट वाढते तेव्हा गोष्ट मूत्राशयाची असते. स्नायू आधी जाड होतो, मग त्यात कोलॅजन हे तंतुमय प्रथिन साठते. त्यामुळे ऑपरेशननंतरही काहींचा लघवीचा जोर परत येत नाही.

मग गर्भातच वाट मोकळी केली तर? सोनोग्राफीमुळे हा विचार शक्य झाला आणि १९८१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मायकेल हॅरिसन यांनी तशी शस्त्रक्रिया केली. पण सोनोग्राफीत किडनी फुगलेली दिसते तोवर बरेच नुकसान होऊन गेलेले असते. ब्रिटनमधल्या 'प्लूटो' चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ३१ गर्भवतींपैकी काहींच्या गर्भाच्या मूत्राशयात लघवी बाहेर काढणारी नळी बसवली होती. दोन वर्षांच्या वयात किडनीचे काम व्यवस्थित असलेली मुले निघाली फक्त दोन.