गटाने बसण्याआधीचा अभ्यास

अमेरिकेत बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९७०च्या दशकात गणित शिकवणाऱ्या उरी ट्राइस्मन यांना एक प्रश्न पडला होता. शाळेत उत्तम गुण मिळवून आलेले अनेक कृष्णवर्णीय विद्यार्थी कलनशास्त्रात (कॅल्क्युलसमध्ये) मागे का पडतात आणि चिनी वंशाचे त्यांचे सहाध्यायी पुढे का जातात? सहकाऱ्यांनी गरिबी, अपुरी पूर्वतयारी अशी कारणे सुचवली; ट्राइस्मन यांनी मात्र दोन्ही समूहांतील प्रत्येकी २० विद्यार्थी प्रत्यक्ष अभ्यास कसा करतात हे जवळून पाहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थी बहुतेक एकटेच अभ्यास करत. चिनी वंशाचे विद्यार्थी आठवड्यातले आठ-दहा तास स्वतंत्रपणे गणिते सोडवत आणि मग संध्याकाळी एकत्र जमून परस्परांची उत्तरे तपासत, जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत. पुढे ट्राइस्मन यांनी कार्यशाळा सुरू केल्या आणि त्यांत उजळणीऐवजी मुद्दाम अवघड गणिते गटांपुढे ठेवली. त्यांत सहभागी झालेल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे निकाल लक्षणीय सुधारले.

या कामातील ‘एकत्र’ हा भाग सर्वांच्या लक्षात राहतो, पण त्याआधीचे एकट्याने घालवलेले तास मला तितकेच महत्त्वाचे वाटतात.

स्मृतीवरील प्रयोग हेच सुचवतात. तिघांनी एकत्र बसून एखादी यादी आठवली, तर त्यांना जेवढे आठवते त्यापेक्षा, तिघांनी वेगवेगळे आठवून पुनरुक्ती वगळून केलेली बेरीज अधिक भरते. याचे प्रमुख कारण असे मानले जाते की प्रत्येकाच्या मनात माहितीची मांडणी वेगळी असते आणि दुसऱ्याचे बोलणे मध्ये आले की आपला आठवण्याचा धागा तुटतो. म्हणून धडा मिटून सर्वांनी लगेच ‘काय काय होतं त्यात?’ असे मोठ्याने आठवू लागण्याऐवजी आधी प्रत्येकाने कोऱ्या कागदावर मुद्दे लिहावेत आणि नंतरच कागद जुळवावेत.

मग गट कशाला हवा? तर समजण्यासाठी. कोलोरॅडो विद्यापीठातील आनुवंशशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांनी आधी स्वतःचे उत्तर नोंदवले, शेजाऱ्यांशी चर्चा केली आणि नंतर त्याच तत्त्वावरचा नवा प्रश्न पुन्हा एकट्याने सोडवला. २००९मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात चर्चेनंतर अचूक उत्तरांचे प्रमाण वाढलेले दिसले. विशेष म्हणजे, ज्या गटांत सुरुवातीला कोणालाच योग्य उत्तर माहीत नव्हते, तेथेही अशी वाढ झाल्याचे संशोधकांच्या विश्लेषणातून पुढे आले. हुशार मुलाचे उत्तर इतरांनी उचलले, एवढ्याने याचा उलगडा होत नाही. आपल्या उत्तराचे कारण दुसऱ्याला सांगताना तर्कातली फट स्वतःलाच दिसते.

समूहात प्रत्येकाचा प्रयत्न थोडा सैल पडतो, ही प्रवृत्तीही प्रयोगांत वारंवार आढळली आहे. कोणी किती काम केले हे वेगळे दिसू लागले की ती बरीच ओसरते. त्यामुळे गणित कोण समजावून सांगणार हे आधी ठरवू नये, ऐनवेळी चिठ्ठी काढावी. मग प्रत्येक जण तयारी करून येतो. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल तो अडखळला, तर इतरांनी उत्तर सांगण्याची घाई न करता ‘ही पायरी कशावरून आली?’ एवढेच विचारावे आणि त्याला विचार करायला वेळ द्यावा.