आवाज काढून घेतला तेव्हा

1967-68च्या सुमारास जमैकातल्या स्पॅनिश टाउनचा रुडी रेडवुड ट्रेझर आयल स्टुडिओतून पॅरागॉन्स या गायकगटाच्या एका गाण्याची तबकडी घेऊन आला. ती कापताना गाणाऱ्यांचे आवाज घालायचेच राहून गेले होते. रेडवुडची स्वतःची साउंड सिस्टिम होती, म्हणजे मोठमोठे स्पीकर लावून लोकांना नाचवायचं. त्याने आधी आवाजांसकटचं गाणं लावलं, मग ही नुसत्या वाद्यांची तबकडी. शब्द सगळ्यांना पाठ. मोकळ्या जागेत लोकच गायला लागले. निर्माता बनी ली हा किस्सा नेहमी सांगत असे. मला त्यातला क्रम महत्त्वाचा वाटतो: आधी गाणं, मग व्हर्जन, म्हणजे त्याच गाण्याचं आवाज काढून टाकलेलं रूप.

पुढे तबकडीच्या मागच्या बाजूला ‘व्हर्जन’ छापायची रीतच पडली. निर्मात्याला ते परवडायचं; एकाच ध्वनिमुद्रणातून दोन्ही बाजू भरायच्या. त्यातून ‘डब’ नावाची कला घडवली ती किंग टबीने. हा मूळचा विद्युत उपकरणं दुरुस्त करणारा कारागीर. किंग्स्टनच्या वॉटरहाउस वस्तीतल्या घरी चार ट्रॅकच्या मिक्सरवर तो गायकाचा आवाज मध्येच तोडायचा, उरलेल्या अर्ध्या शब्दाला प्रतिध्वनीत सोडून द्यायचा आणि खाली बास, म्हणजे खर्जातली गिटार, एकटा चालत राहायचा. गायक जेकब मिलरच्या प्रेमगीतावरून निर्माता ऑगस्टस पाब्लोसाठी त्याने केलेलं डब ऐकावं. मिलरचे तुटके शब्द येतात नि विरतात. मूळ गाणं कानात असेल तर ते तुकडे काळजाला लागतात. नसेल तर ती नुसती करामत वाटते.

रूट्स रेगेचा, म्हणजे श्रद्धा नि इतिहास गाणाऱ्या जमैकन संगीताचा, जीव मात्र गळ्यातच होता. 1930मध्ये इथिओपियात हेले सेलासीचा राज्याभिषेक झाला आणि जमैकातल्या गरीब वस्त्यांत त्यालाच देव मानणारी रास्ताफारी श्रद्धा रुजली. तिचा इतिहास शाळेत शिकवला जात नव्हता, तो गाण्यांतून पसरला. ॲबिसिनियन्सच्या तिघांनी 1969मध्ये स्टुडिओ वनमध्ये ‘सत्ता मसागना’ गायलं. मालक कॉक्सन डॉडला ते चालेल असं वाटलं नाही, त्याने ते बाहेरच काढलं नाही. शेवटी गायकांनी आपलंच ध्वनिमुद्रण पैसे मोजून सोडवलं आणि 1971मध्ये स्वतः प्रसिद्ध केलं. तीन गळे एकमेकांत मिसळून दूरच्या एका देशाबद्दल सांगतात तेव्हा ते भजनासारखं अंगावर येतं. त्या चालीवर नंतर कितीतरी व्हर्जन निघाली, पण सगळ्यांच्या मुळाशी ते तीन गळे आहेत.

सत्तरच्या दशकात डबचे स्वतंत्र अल्बम निघू लागले आणि परदेशात ते गाण्याविनाच ऐकले जाऊ लागले. माझी तक्रार एवढीच. डब हलकं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. टबीसारखा कान शतकात एखाद्याला मिळतो. पण जे काढून टाकलंय ते ऐकणाऱ्याला ठाऊक आहे, हे डब गृहीत धरतं.

गायक बर्निंग स्पिअर हा सेंट ॲन परगण्याचा, कृष्णवर्णीयांचा नेता मार्कस गार्वी याच्याच मुलखातला. 1975च्या ‘मार्कस गार्वी’ अल्बममध्ये ‘स्लेव्हरी डेज’ हे गाणं आहे. जमैकात गुलामी पुरती संपली 1838मध्ये. स्पिअर तीच एक गोष्ट पुन्हापुन्हा विचारतो: आठवतात का ते दिवस? मागून साथीदारांचा होकार येतो, तो आणखी विचारतो, आवाज किंचित खरखरीत. पुढच्या वर्षी त्याच अल्बमचं डब ‘गार्वीज घोस्ट’ नावाने आलं. वाजवणं तेच, बास तोच, ढोल तर आणखी खणखणीत. फक्त तो विचारणारा माणूस तिथे जवळजवळ नाही, आणि मी परत पहिल्या बाजूकडे वळतो.