जंबुपार प्रारण : वनस्पती व प्राणी यांवरील दुष्परिणाम

दृश्य प्रकाशाच्या जांभळ्या टोकापलीकडील, सु. 100 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रारणास जंबुपार किंवा अतिनील प्रारण म्हणतात. योहान व्हिल्हेल्म रिटर यांनी 1801 मध्ये सिल्व्हर क्लोराइड काळे पडण्याच्या क्रियेवरून त्याचे अस्तित्व दाखवून दिले. जैव परिणामांच्या दृष्टीने त्याचे अ (315–400), ब (280–315) व क (100–280) असे तीन पट्टे मानतात. क पट्टा वातावरणातील ऑक्सिजन व ओझोन यांत शोषला जातो. ब पट्ट्याचा थोडाच भाग जमिनीपर्यंत पोहोचतो. तरीही सजीवांना होणाऱ्या इजेत त्याचाच वाटा मोठा असतो.

डीएनए 260 नॅनोमीटरच्या आसपास हे प्रारण सर्वाधिक शोषतो. त्यामुळे एकाच धाग्यावरील शेजारशेजारचे थायमीन घटक एकमेकांना जोडले जाऊन प्रतिकृती घडण्याच्या क्रियेत अडथळा येतो. ही इजा दुरुस्त करण्याचे सामर्थ्य सर्व सजीवांत सारखे नसते. जीवाणू, वनस्पती, मासे व बेडूक यांच्यात फोटोलायेज हे एंझाइम निळ्या प्रकाशाची ऊर्जा वापरून ते बंध तोडते. मानवासह अपरास्तनी (गर्भाला वारेतून पोषण देणाऱ्या सस्तन) प्राण्यांत ते नसल्याने बिघडलेला तुकडा कापून काढण्याच्या अधिक किचकट यंत्रणेवर त्यांना विसंबावे लागते.

वनस्पतींत प्रकाशसंश्लेषणातील दुसऱ्या प्रकाशयंत्रणेच्या प्रथिनांना इजा पोहोचते, पाने लहान राहतात व खोडाची वाढ खुंटते. उलटपक्षी, पानांच्या बाह्यत्वचेत साठणारी फ्लॅव्होनॉइडे हे प्रारण आतल्या पेशींपर्यंत जाऊ देत नाहीत. सोयाबीनवरील सुरुवातीच्या, पादपगृहातील (हरितगृहातील) प्रयोगांतून उत्पादनात मोठी घट सूचित झाली होती. मात्र पादपगृहात दृश्य प्रकाश कमी असल्याने दुरुस्तीची क्रिया मंदावते. म्हणून उघड्या शेतातील, तुलनेने सौम्य परिणाम दाखवणारे निष्कर्ष अधिक ग्राह्य वाटतात. सोलापूर भागात डाळिंबाच्या उन्हाकडील बाजूस पडणाऱ्या तपकिरी चट्ट्यांचे मुख्य कारण सालीचे वाढलेले तापमान हेच मानणे सयुक्तिक आहे. झाडांवर जुन्या साड्या टाकल्याने ऊन व प्रारण दोन्ही घटत असल्यामुळे बागेतील अनुभवावरून दोहोंचा वाटा वेगळा काढता येत नाही.

अंटार्क्टिकावरील ओझोन-विवराची (ओझोन थर विरळ झालेल्या भागाची) नोंद 1985 मध्ये प्रसिद्ध झाल्यावर सागरी जीवांकडे लक्ष वळले. बेलिंग्सहाउझेन समुद्रातील बर्फाच्या कडेलगत विवराखालील वनस्पतिप्लवकांचे (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींचे) उत्पादन 6 ते 12 टक्क्यांनी घटल्याचे 1992 मध्ये प्रसिद्ध झाले. हा आकडा एका ऋतूतील आहे. तो सर्व महासागरास लावणे योग्य नव्हे.

उभयचरांच्या ऱ्हासाचा प्रश्न सर्वांत वादग्रस्त ठरला. अमेरिकेतील ऑरेगनच्या कॅस्केड पर्वतात डबक्यांतील अंड्यांवर ब पट्टा अडवणारी झाकणे ठेवून केलेल्या प्रयोगांत (1994) कॅस्केड बेडूक व पश्चिमी भेक (टोड) यांच्या अंड्यांतून झाकणाखाली अधिक प्रमाणात पिले बाहेर पडली, तर फोटोलायेज भरपूर असलेल्या पॅसिफिक वृक्षमंडूकाच्या अंड्यांत फरक पडला नाही. पुढे असा आक्षेप आला की, पाण्यात विरघळलेली, कुजलेल्या पाल्यातून येणारी सेंद्रिय द्रव्ये बहुसंख्य डबक्यांत हे प्रारण वरच्या थरातच शोषून घेतात. 2001 मधील एका अभ्यासाने पाऊस व बर्फ कमी पडल्याने उथळ झालेले पाणी, त्यामुळे अंड्यांवर वाढलेले प्रारण आणि सॅप्रोलेग्निया ह्या कवकसदृश जीवाचा संसर्ग यांची साखळी मांडली. ऱ्हासाचे एकमेव कारण शोधण्यापेक्षा अशी अनेक कारणांची जुळणी मानणे पुराव्यास अधिक धरून आहे.

पाळीव जनावरांत फिकट पापण्यांच्या हेरेफोर्ड गुरांना होणारा डोळ्यांचा कर्करोग व पांढऱ्या मांजरांच्या कानांच्या कडांचा कर्करोग यांचा उन्हाशी असलेला संबंध सर्वमान्य आहे. चिलीच्या दक्षिण टोकाकडील मेंढ्या ओझोन-विवरामुळे आंधळ्या झाल्याची बातमी मात्र तपासणीत टिकली नाही. तो संसर्गजन्य नेत्रदाह निघाला. घाणेरी खाल्लेल्या गुरांच्या पांढऱ्या कातडीवर उन्हात येणाऱ्या जखमाही ह्या नोंदीच्या कक्षेत काटेकोरपणे बसत नाहीत: यकृत बिघडल्याने हरितद्रव्यापासून बनलेले फायलोएरिथ्रीन रक्तात साठते व ते मुख्यतः दृश्य प्रकाशाने उद्दीपित होते. उपचार करताना जनावर सावलीत बांधणे जंबुपार प्रारणाची इजा व घाणेरीची विषबाधा या दोन्ही प्रकारांत आवश्यक असले, तरी घाणेरीच्या विषबाधेत यकृतावरील इलाज लांबवता येत नाही.