श्रमदान आणि भागीदारी : किल्ल्याची वाट कोण सांभाळतं?

रविवारी सकाळी पंधरा-वीस जण कोयते आणि घमेली घेऊन किल्ल्यावर जातात, वाटेवरची घाणेरीची झुडपं तोडतात, प्लास्टिक पोत्यांत भरून खाली आणतात. हे श्रमदान. भागीदारीत ज्या खात्याची जागा आहे ते खातं आणि एखादी संस्था, ग्रामपंचायत किंवा कंपनी यांच्यात लेखी ठरतं : कोणती जागा, किती वर्षं, कोणती कामं, खर्च कुणाचा. राज्य सरकारच्या 'महाराष्ट्र वैभव' स्मारक संगोपन योजनेतून नळदुर्गचा किल्ला एका खासगी कंपनीकडे गेला, तो असाच. आपल्याकडे दोन्हीला 'किल्ला दत्तक घेतला' म्हणतात आणि गोंधळ होतो.

फरक दिसतो तो पावसाळ्यानंतर. घाणेरी वरून छाटली की बुंध्यातून पुन्हा फुटते. ती मुळासकट काढावी लागते आणि पुढेही नवी रोपं उपटत राहावं लागतं. अजिंठ्याच्या डोंगरात बऱ्याच ठिकाणी कातळावर मुरमाचा पातळ थर असतो. पाणी वाटेनेच धावू लागलं की तिची घळ होते, लोक शेजारून चालतात आणि वाट रुंदावत जाते. म्हणून पाणी बाजूला काढणारे दगड तिरके रोवायचे, वाटेला दरीकडे हलका कल द्यायचा. दगड रोवायला एक रविवार पुरतो. पण त्यांच्यामागे साचलेला गाळ दर मे महिन्यात उपसला नाही, तर पाणी पुन्हा वाटेवर येतं. हा मे महिना कुणाच्या नावावर आहे, ते श्रमदानात ठरत नाही. भागीदारीत ते लिहिलेलं असतं.

परवानगीचंही तसंच. याच डोंगरातलं गौताळा औट्रमघाट हे 1986 पासून अभयारण्य आहे, तिथे वन्यजीव कायदा लागू. झुडूप तोडायचं तरी आधी वनखात्याला विचारावं लागतं. देवगिरीचा किल्ला केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहे आणि प्राचीन स्मारकांच्या 1958 च्या कायद्याने संरक्षित क्षेत्रात परवानगीशिवाय खोदकाम करता येत नाही. हा निव्वळ कागदी अडथळा नाही. तटात रुजलेला पिंपळ ओढून काढला तर मुळांबरोबर चिरेही निखळतात. उत्साही पोरांकडून भलं करण्याच्या भरात होणारं हे नुकसान मला फार लागतं, कारण निखळलेला चिरा पुन्हा तसाच बसत नाही.

तरी नुसत्या कराराने वाट टिकत नाही. सही झाली आणि पायथ्याच्या गावाला विचारलंच नाही, तर गुरं कुठून जातात, ओढा कुठे फुटतो, हे सांगणार कोण? वनजमिनीवर गावची संयुक्त वन व्यवस्थापन समिती असेल तर पहिली बैठक तिच्यासोबत घ्यावी. स्वयंसेवक गटाने वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांना अर्ज देताना चार गोष्टी लिहाव्यात : वाटेचा नेमका भाग, कामाचे महिने, जखमी झाल्यास जबाबदारी कुणाची, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर पाहणीला कोण जाणार.