औषध लिहिणारा एक, विचारपूस करणारी दुसरी

प्राथमिक आरोग्य केंद्राच्या ओपीडीत ‘डॉक्टर, मला नैराश्य आलंय’ असं म्हणत सहसा कुणी येत नाही. अंग दुखतं, झोप लागत नाही, छातीत धडधडतं, जेवण जात नाही, या तक्रारी असतात. फार तर ‘टेन्शन आहे हो’ एवढंच. गोव्यात बायकांच्या ‘अंगावरून पांढरं जाण्या’च्या तक्रारीचा अभ्यास झाला, तेव्हा तिचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक घट्ट निघाला. अशा बाईला अँटिबायोटिक्सचे कितीही कोर्स दिले तरी मूळ दुखणं जागच्या जागी. याच्या उलटही होतं. थायरॉइड मंदावला किंवा हिमोग्लोबिन फार उतरलं, की माणूस मलूल आणि उदास दिसतो. तिथे रक्ततपासणी न करता नुसतं बोलत बसणं हाही अन्यायच. शरीराकडे आणि मनाकडे पाहणारी माणसं एकमेकांशी बोलत नसतील, तर पेशंट दोघांच्या मधल्या फटीत पडतो.

ही फट बुजवायचा एक मोठा प्रयोग गोव्यातच झाला. पर्वरीच्या ‘संगथ’ या संस्थेने मानसोपचारतज्ज्ञ डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या पुढाकाराने तो केला, नाव ‘मानस’. निष्कर्ष २०१० साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खाजगी दवाखाने निवडले होते. निम्म्या ठिकाणी नेहमीचेच उपचार. निम्म्या ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला एक समुपदेशक आणि लागेल तेव्हा सल्ला द्यायला मानसोपचारतज्ज्ञ. समुपदेशक म्हणजे मानसशास्त्राची पदवीधर नव्हे, तर जवळपास दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेली इथलीच मुलगी. आजाराचं जड नाव न घेता ती ‘टेन्शन’च्याच भाषेत बोलायची.

उपचार पायरीपायरीने होते. पहिली पायरी सगळ्यांसाठी: हे काय होतंय ते समजावून सांगणं, श्वासाचे व्यायाम, झोपेच्या सवयी. त्रास जास्त असेल तर गोळ्या किंवा समुपदेशनाच्या बैठका, तेवढ्याने भागलं नाही तर दोन्ही, आणि शेवटी तज्ज्ञ. ऐकायला सोपं आहे, पण खरी मेख गोळ्यांपाशी आहे. नैराश्यावरची गोळी गुण दाखवायला दोन ते चार आठवडे घेते. मळमळ, अस्वस्थता मात्र पहिल्याच आठवड्यात सुरू होते. म्हणजे त्रास आधी, आराम नंतर. ‘या गोळ्या मला सोसत नाहीत’ म्हणून पेशंट नेमक्या याच दिवसांत पाकीट कपाटात टाकतो. डॉक्टरसमोर रांग असते, त्याला हे कळायला मार्ग नसतो. पेशंट फिरकला नाही की चौकशी करणं, ‘आणखी दहा दिवस काढा, मग बघू’ म्हणणं, त्रास फारच असेल तर डॉक्टरांच्या कानावर घालणं, हे सगळं समुपदेशकाचं काम. माझ्या मते या टीममधलं सगळ्यात मोलाचं काम हेच, आणि पगारपत्रकात सगळ्यात उशिरा दिसणारंही हेच.

सहा महिन्यांनी, नैराश्य किंवा चिंतेच्या आजाराचं पक्कं निदान झालेल्यांपैकी सरकारी केंद्रांत टीमच्या हाताखालचे ६५.९ टक्के पेशंट बरे झाले होते. नेहमीच्या उपचारांत ४२.५ टक्के. खाजगी दवाखान्यांत मात्र दोन्हीकडे जवळपास सारखाच गुण आला. याचा एक अर्थ असा लावतात की गोव्यातला फॅमिली डॉक्टर पेशंटला वर्षानुवर्षं ओळखतो, घरचं विचारतो, पुन्हा बोलावतो. टीममधल्या दोघांची कामं तो एकटाच उरकत असतो. मला हा अर्थ पटतो.

पुढे ‘संगथ’नेच आणखी नेमका प्रश्न विचारला. गोव्यातल्या सरकारी केंद्रांत बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेले सुमारे ५०० पेशंट घेतले. त्यांचे दोन गट केले. दोन्ही गटांच्या डॉक्टरांना नैराश्याच्या तपासणीचा निकाल कळवला; एका गटाला शिवाय समुपदेशकाच्या सहा ते आठ बैठका. दिवसभरात काय करायचं सुटलंय ते पाहायचं, आणि एकेक गोष्ट पुन्हा सुरू करायची: सकाळी देवळापर्यंत चालत जाणं, बहिणीला फोन. तीन महिन्यांनी त्या गटातले ६४ टक्के सावरले होते, दुसऱ्यातले ३९ टक्के. नुसता रिपोर्ट डॉक्टरच्या हातात देऊन भागत नाही, हे त्यातून दिसलं. समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचं रेकॉर्डिंग ऐकून गुणही द्यायचे. आपलं काम असं दुसऱ्यासमोर उघडं ठेवायची सवय पदवीधारक तज्ज्ञांमध्येही विरळाच.

यातून मानसोपचारतज्ज्ञ नको झाला, असं मात्र कुणी समजू नये. स्किझोफ्रेनिया, तीव्र बायपोलर आजार, आत्महत्येचा धोका, तिथे बांबोळीच्या मनोरुग्णालयाची वाट धरावीच लागते. पण तिथून सुटी मिळालेला पेशंट काणकोणला किंवा वाळपईला घरी परततो. त्याची गोळी कुठली, रक्त कधी तपासायचं, मधुमेहाच्या औषधाबरोबर ती चालते का, हे गावच्या डॉक्टरला, नर्सला आणि फार्मसीवाल्याला ठाऊक हवं. त्यासाठी डिस्चार्ज कार्डाची एक प्रत जवळच्या केंद्रात गेली, आणि तिथल्या कुणावर तरी महिन्याभराने फोन करायची जबाबदारी टाकली, तरी पुष्कळ साधेल. खर्च फार नाही. फक्त ते काम कुणाचं, हे ठरवून लिहून ठेवावं लागेल.